रुसलेला स्टार: पगार वाढवायचा, विकायचा, की अडवून धरायचं?

गणपतीचा तिसरा दिवस होता. आरती उरकून रात्री साडेआठला आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. 27 ऑगस्ट 2017, अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल. मी आर्सेनलचा. फिर्मिनो, माने, सलाह, स्टरिज यांनी ओळीने चार गोल घातले आणि समोरच्या गोलकीपरला हात लावावा लागेल असा एकही फटका आमच्याकडून गेला नाही.

त्या सामन्यातले दोन खेळाडू मला अजून आठवतात. एक खेळलाच नव्हता. लिव्हरपूलचा फिलिप कुटिन्यो. त्याची पाठ दुखतेय असं क्लब सांगत होता, पण 11 ऑगस्टला, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या लिव्हरपूलच्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, त्याने मला बार्सिलोनाला जाऊ द्या असा अर्ज ईमेलने पाठवला होता. दुसरा आमचा अलेक्सिस सांचेझ. तो खेळला, पण तासाभरात त्याला बाहेर बसवलं. त्याला मँचेस्टर सिटीत जायचं होतं.

दोन्ही क्लबांनी त्या उन्हाळ्यात आपापल्या स्टारला ‘जायचं नाही’ असं सांगितलं. पुढच्या जानेवारीत दोघंही गेले. लिव्हरपूलला त्यातून युरोपातल्या सर्वोत्तम संघाचा पाया मिळाला. आर्सेनलला जे मिळालं त्याची किंमत पुढची तीन वर्षं आम्ही मोजत होतो.

तुमच्या क्लबचा स्टार रुसला असेल आणि पैसे ओतून त्याला ठेवावं की नाही यावर तुमचं मत ठरत नसेल, तर या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा.

कुटिन्यो आणि सांचेझ: फरक कुठे पडला

दोघंही आपापल्या संघाचा कणा. सांचेझने 2016-17 मध्ये सगळ्या स्पर्धा मिळून 30 गोल केले होते. कुटिन्योला लिव्हरपूलने 2013 च्या जानेवारीत इंटर मिलानकडून फक्त 85 लाख पौंडांना आणलं आणि चार वर्षांत तो संघाचा सगळ्यात देखणा खेळाडू झाला. 2017 च्या ऑगस्टमध्ये नेमारसाठी पॅरिस सें-जर्मेंने 22.2 कोटी युरो मोजले, बार्सिलोनाच्या हातात पैसा आला आणि त्यांनी कुटिन्योला मागणी घातली. एकदा नाही, तीनदा. तिन्ही वेळा लिव्हरपूलने नकार दिला.

लिव्हरपूलला हे जमलं याचं कारण ऑगस्टमध्ये शोधून सापडणार नाही. ते सात महिने मागे आहे. जानेवारी 2017 मध्ये कुटिन्यो मजेत होता, कुठे जायचा विचार निदान बाहेर तरी दिसत नव्हता, आणि तेव्हाच क्लबने त्याच्याशी भरघोस पगाराचा पाच वर्षांचा नवा करार केला. ठरावीक रक्कम भरली की खेळाडू मोकळा, असं कलमही त्यात ठेवलं नव्हतं. म्हणजे तो रुसला तेव्हा त्याच्या करारावर जवळपास पाच वर्षं शिल्लक होती. किंमत ठरवणार लिव्हरपूल, दिवस ठरवणार लिव्हरपूल.

सांचेझचा करार 2014 चा, चार वर्षांचा. तो कधी वाढवलाच नाही. 2016 च्या उन्हाळ्यात दोन वर्षं उरली होती. करायचं होतं ते तेव्हा. ऑगस्ट 2017 मध्ये उरले होते दहा महिने. बेल्जियमचा फुटबॉलपटू बोस्मन याच्या खटल्याचा निकाल 15 डिसेंबर 1995 ला लागला तेव्हापासून करार संपलेला खेळाडू फुकट जाऊ शकतो, आणि शेवटच्या सहा महिन्यांत तो परदेशी क्लबशी उघडपणे बोलणी करू शकतो. खेळाडूंच्या बाजूने हा निकाल न्याय्यच होता. त्याआधी करार संपल्यावरही क्लब माणसाला डांबून ठेवू शकत असे. पण त्यामुळे क्लबच्या दृष्टीने करारातलं शेवटचं वर्ष म्हणजे उन्हात ठेवलेला बर्फ.

बदली-बाजार (खेळाडूंनी क्लब बदलायचा ठरावीक काळ) बंद व्हायच्या दिवशी सिटीने सुमारे 6 कोटी पौंड देऊ केले. मोनॅकोचा तोमा लेमार मिळाला तरच सांचेझला सोडायचं असं आर्सेनलने ठरवलं होतं. लेमार आला नाही. सांचेझ राहिला.

पुढचे महिने दोघांचे कसे गेले तेही बघण्यासारखं आहे. कुटिन्योने मैदानात राग काढला नाही. 6 डिसेंबरला चॅम्पियन्स लीगमध्ये स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध त्याच्या दंडावर कर्णधाराची पट्टी होती. लिव्हरपूलने सामना 7-0 जिंकला आणि त्यात तीन गोल त्याचे. अर्ध्या मोसमात 20 सामन्यांत 12 गोल करून जानेवारीत तो 14.2 कोटी पौंडांपर्यंत जाणाऱ्या सौद्यात बार्सिलोनाला गेला. सांचेझ मात्र आमच्या डोळ्यांसमोर कोमेजला. चेंडू गेला की हात पसरून उभा राहायचा, साथीदारांवर चिडायचा. जानेवारीत तो मँचेस्टर युनायटेडला गेला आणि बदल्यात हेन्रिख मखितार्यान आला. एक पौंडही मिळाला नाही. मखितार्यान 2019 मध्ये रोमाला उसना गेला आणि पुढच्या वर्षी फुकट सुटला. नाकारलेले 6 कोटी असे तीन वर्षांत शून्यावर आले.

कुटिन्योच्या पैशातून व्हॅन डाइक आणि अ‍ॅलिसन आले, असं सर्रास सांगितलं जातं. तारखा काटेकोर बघितल्या तर व्हॅन डाइकचा 7.5 कोटींचा सौदा कुटिन्यो जायच्या आधीच, 27 डिसेंबरला जाहीर झाला होता. पण हिशोबाची वही एकच असते. बचावाच्या मधोमध व्हॅन डाइक, गोलात अ‍ॅलिसन, 1 जून 2019 ला माद्रिदमध्ये चॅम्पियन्स लीग, आणि 2019-20 मध्ये 30 वर्षांनी लीगचं विजेतेपद. सलाह, माने, फिर्मिनो आधीपासून संघात होते म्हणून कुटिन्योची जागा रिकामी वाटलीच नाही. विकण्याच्या बाजूने बोलणारे हा मुद्दा विसरतात. बदली खेळाडू घरात असताना विकणं आणि हातात पैसे घेऊन बाजारात धावणं, यात फार फरक आहे.

अडला हरी: ओझिलचा करार

सांचेझ गेल्यावर लगेचच मेसुत ओझिलने आर्सेनलशी 2021 पर्यंतचा करार केला. पगार आठवड्याला साडेतीन लाख पौंड असल्याचं तेव्हा छापून आलं. त्याचाही जुना करार त्याच जूनमध्ये संपत होता. एक स्टार नुकताच हातातून निसटलेला, दुसराही फुकट गेला तर तोंड दाखवायला जागा नाही. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. ओझिल गाढव मुळीच नव्हता, तो आजही माझा लाडका आहे. पण क्लब अडला होता आणि समोरच्याला ते माहीत होतं.

आकडा जरा मांडून बघा. साडेतीन लाख गुणिले 52 आठवडे म्हणजे वर्षाला 1 कोटी 82 लाख पौंड. करार पूर्ण धरला तर 6 कोटींच्या वर. बदलीची रक्कम मोठी दिसते म्हणून सगळे तिच्यावर वाद घालतात, पगार आठवड्या-आठवड्याने जातो म्हणून डोळ्यात भरत नाही. दुसऱ्या कुठल्या क्लबला एवढा पगार परवडत नसल्यामुळे असा खेळाडू पुढे विकताही येत नाही. ओझिल शेवटचा आर्सेनलकडून खेळला मार्च 2020 मध्ये. ऑक्टोबरमध्ये त्याचं नाव प्रीमियर लीगच्या यादीतूनही वगळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्लबने 55 कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव मांडला होता. तो दिवस मला आजही बोचतो. कराराच्या टेबलावर केलेली चूक शेवटी कुणाच्या ताटावर येते, ते त्या दिवशी कळलं.

सांचेझचं युनायटेडमध्ये काय झालं? 45 सामने, 5 गोल. रुसलेल्या खेळाडूला नवा मोठा क्लब आणि डोळे दिपवणारा पगार, दोन्ही एकदम दिले, तरी खेळ परत येईलच याची खात्री नसते.

रूनी: एकच माणूस, एकच क्लब, दोन करार

पैसे देऊन ठेवणं चूकच, असं मी म्हणत नाही. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मँचेस्टर युनायटेडचंच आहे, आणि गंमत म्हणजे वाईट उदाहरणही त्याच माणसाचं आहे.

ऑक्टोबर 2010. रोनाल्डोला रेआल माद्रिदला जाऊन वर्ष उलटलं होतं, क्लब कर्जात होता आणि वेन रूनीच्या करारावर 20 महिने उरले होते. 19 तारखेला प्रशिक्षक फर्ग्युसन यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की रूनी नवा करार करायला तयार नाही. दुसऱ्या दिवशी बुर्सास्पोरविरुद्धचा सामना सुरू व्हायच्या दोन तास आधी रूनीचं पत्रक आलं: मोठे खेळाडू आणण्याची क्लबची इच्छा आहे असं मला दिसत नाही. चाहते खवळले. 22 तारखेला त्याने पाच वर्षांच्या करारावर सही केली.

तीन दिवसांत महत्त्वाकांक्षेचा प्रश्न कसा सुटला, असं तेव्हा अनेकांनी विचारलं, आणि काहींनी त्याला कधीच माफ केलं नाही. त्यांचा राग मला समजतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसाठी घसा कोरडा करणाऱ्या कुणालाही तो समजेल. पण क्लबच्या बाजूने बघा: रूनी 25 वर्षांचाही झाला नव्हता, शेजारचं मँचेस्टर सिटी थैली सोडून बसलं होतं, आणि त्याच्या जागी उभा करावा असा दुसरा कुणी नव्हता.

12 फेब्रुवारी 2011. आपल्याकडे संध्याकाळ होती. सिटीविरुद्ध 1-1. उजवीकडून नानीने चेंडू टाकला, तो बचावपटूला लागून रूनीच्या थोडा मागे आला, आणि पाठ गोलकडे असताना रूनी हवेत आडवा झाला. पाय डोक्याच्या वर. चेंडू वरच्या कोपऱ्यात. सिटीचा गोलकीपर जो हार्ट जागचा हललासुद्धा नाही. मी युनायटेडचा पाठीराखा नाही, तरी सोफ्यावरून उठलो होतो. मे महिन्यात ब्लॅकबर्नला त्याच्याच पेनल्टीवर बरोबरी झाली आणि युनायटेडचं 19 वं विजेतेपद पक्कं झालं. त्या वाढीव पगाराचा पैसा न पैसा वसूल झाला होता.

मग 2013. फर्ग्युसन यांनी निवृत्त होताना सांगितलं की रूनीने पुन्हा जाण्याची इच्छा दाखवली आहे. चेल्सीने उन्हाळ्यात मागणी घातली, युनायटेडने धुडकावली आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याला 2019 पर्यंतचा करार दिला. आठवड्याला सुमारे तीन लाख पौंड, अशा बातम्या होत्या. आता तो 28 वर्षांचा होता आणि सोळाव्या वर्षापासून सगळ्यात वरच्या पातळीवर खेळत होता. त्याने बॉबी चार्लटन यांचा 249 गोलांचा विक्रम मोडला, कर्णधारपद सांभाळलं, हे खरं. पण 2016-17 मध्ये लीगमध्ये त्याचे फक्त 5 गोल झाले, आणि करार दोन वर्षं शिल्लक असताना क्लबने त्याला एव्हर्टनला फुकट सोडलं. पहिल्या वेळी युनायटेडने पुढची वर्षं विकत घेतली होती. दुसऱ्या वेळी मागच्या वर्षांचं बक्षीस दिलं.

आर्सेनलनेही हेच केलं. 1 ऑगस्ट 2020 ला एफए कपच्या अंतिम सामन्यात ओबामेयांगने चेल्सीविरुद्ध दोन्ही गोल केले आणि पुढच्याच महिन्यात, वयाच्या 31 व्या वर्षी, त्याला तीन वर्षांचा मोठा करार मिळाला. तो रुसलेला नव्हता, खुशीत होता. मीही त्या दिवशी नाचलो. डिसेंबर 2021 मध्ये शिस्तीच्या कारणावरून त्याचं कर्णधारपद गेलं, फेब्रुवारीत तो बार्सिलोनाला फुकट गेला. खुशीत असताना पैसे द्या हे बरोबर, पण वय बघून द्या.

न विकता, पगार न वाढवता: केन

तिसरा रस्ता टॉटेनहॅमचे तेव्हाचे अध्यक्ष डॅनियल लेव्ही यांनी 2021 मध्ये धरला. हॅरी केनने जून 2018 मध्ये सहा वर्षांचा करार केला होता. 2021 मध्ये त्याला सिटीत जायचं होतं, सुट्टीनंतर तो ठरल्या दिवशी सरावालाही आला नाही. लेव्ही हलले नाहीत. नवा पगार नाही, सूट नाही. तीन वर्षं शिल्लक आहेत, खेळ.

मोसमाच्या पहिल्या सामन्यात केनशिवाय टॉटेनहॅमने सिटीलाच 1-0 हरवलं आणि लेव्ही यांचं सगळे कौतुक करू लागले. पण नोव्हेंबर उजाडेपर्यंत केनचा लीगमध्ये एकच गोल होता आणि प्रशिक्षक नुनो यांची नोकरी गेली होती. अडवून धरण्याची ही किंमत लेव्ही यांच्या कौतुकात कुणी मोजली नाही. नवे प्रशिक्षक कोंटे आले, केन फुलला, 17 गोल करून मोसम संपवला आणि संघ चौथा आला. पुढच्या वर्षी त्याने 30 गोल केले, टॉटेनहॅमचा सार्वकालिक विक्रमवीर झाला, तरी संघ आठवा आला. 2023 च्या ऑगस्टमध्ये, एकच वर्ष उरलेलं असताना, तो सुमारे 10 कोटी युरोंना बायर्नला गेला.

हिशोबाने लेव्ही जिंकले: दोन वर्षं गोल मिळाले आणि किंमतही फारशी पडली नाही. पण हे प्रत्येकाला जमणार नाही. केन टॉटेनहॅममध्येच वाढलेला, स्वभावाने सरळ, तडजोड झाल्यावर मन लावून खेळणारा. सांचेझसारख्या माणसाबरोबर हाच डाव अंगाशी आला. ड्रेसिंग रूममध्ये रुसलेला माणूस कसा वागतो हे बाहेरच्या कुणाला सांगता येत नाही. ते प्रशिक्षकाला विचारायचं आणि त्याचं ऐकायचं.

एम्बाप्पेचं प्रकरण मी थोडक्यात आटोपतो, कारण तिथे पैशाला तळच नव्हता आणि तुमच्या क्लबचं तसं नसेल. मे 2022 मध्ये पॅरिसने त्याला माद्रिदच्या दारातून परत आणलं. वर्षभरात त्याने करार वाढवणार नसल्याचं पत्र दिलं आणि 2024 मध्ये फुकट माद्रिदला गेला. त्या दोन वर्षांत त्याने 41 आणि 44 गोल केले, म्हणजे खेळात कसूर नव्हती. पण चॅम्पियन्स लीग पॅरिसला मिळाली ती तो गेल्यावर पहिल्याच मोसमात, मे 2025 मध्ये, अंतिम सामन्यात इंटरवर 5-0 अशी.

मग ठरवायचं कसं

माझ्या मते पगाराच्या आकड्यापासून सुरुवातच करू नये. आधी करारावर किती वर्षं उरलीत ते बघा. तीन किंवा जास्त असतील तर घाई करणारे तुम्ही नाही, समोरचे आहेत. केनसारखं थांबा किंवा कुटिन्योसारखी किंमत वसूल करा. दोन असतील तर याच उन्हाळ्यात सोक्षमोक्ष लावा, सही किंवा विक्री. एकच उरलं असेल तर मिळेल ती बरी रक्कम घ्या, मग चाहते निदर्शनं करोत. मी त्या निदर्शनांत असेन, तरीही घ्या.

मग वय. पंचविशीच्या आतला, संघात ज्याला जोड नाही असा खेळाडू असेल तर रूनीला 2010 मध्ये दिले तसे मोकळ्या हाताने पैसे द्या. अठ्ठाविशी ओलांडलेल्याला लांबलचक करार देताना दहा वेळा विचार करा.

आणि तो रुसलाय कशावरून हे त्यालाच नीट विचारा, एजंटला नको. आपली किंमत केली नाही, आपल्यापेक्षा कमी खेळणाऱ्याला जास्त मिळतं, असं दुखणं असेल तर ते पगाराने बरं होतं. त्याला बार्सिलोनाच हवी असेल, तर पगार वाढवून तुम्ही त्याचे काही महिने घेता, मन घेत नाही. ते महिने बदली खेळाडू तयार करायला वापरणार असाल तर घ्या.

न्यूकॅसलच्या अलेक्झांडर इसाकने 2024-25 मध्ये लीगमध्ये 23 गोल केले, लीग कपच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध गोल करून क्लबला 70 वर्षांनी देशातला मोठा करंडक मिळवून दिला. करार 2028 पर्यंतचा. 2025 च्या उन्हाळ्यात त्याने खेळायला नकार दिला. क्लबने दिलेला शब्द पाळला नाही असं तो म्हणाला, असा शब्द कुणी दिलाच नव्हता असं क्लब म्हणाला. 25 ऑगस्टला लिव्हरपूल न्यूकॅसलमध्ये आलं. न्यूकॅसलच्या गॉर्डनला लाल कार्ड मिळालं, दहा जण उरले, 0-2 ने मागे पडले, आणि तरी त्या दहा जणांनी 2-2 केलं. स्टेडियम छप्पर उडेल असं ओरडत होतं. शंभराव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या 16 वर्षांच्या रिओ न्गुमोहाने तिसरा गोल केला.

सात दिवसांनी, बाजार बंद व्हायच्या दिवशी, इसाक 12.5 कोटी पौंडांना लिव्हरपूललाच गेला. ब्रिटनमधली ती विक्रमी रक्कम होती. तोपर्यंत न्यूकॅसलचे लीगमधले तीन सामने होऊन गेले होते आणि एकही जिंकलेला नव्हता. त्याच्या जागी घेतलेला वोल्टेमाडे दोन दिवसांपूर्वी आला होता, विस्सा त्याच दिवशी. विकायचंच आहे असं तुमचं ठरलं असेल तर जुलैत विका.